सेवेचा व्यवसाय आणि व्यावसायिकांचा संघ



सेवा आणि व्यवसाय हे दोन शब्द शेजारी शेजारी बसलेले आपल्या कानाला रुचत नाहीत. सेवा म्हटली की डोळ्यांपुढे त्याग येतो. व्यवसाय म्हटला की वेतन येते. त्यात 'संघ' हा तिसरा शब्द आला म्हणजे मोर्चा, मागण्या आणि महागाईभत्ता ह्यांची आठवण होते. रोगी, अपंग, निराधार मुले, मनाने खचलेली माणसे ह्यांच्यासाठी काम करणाऱ्यांनी आपला संघ काढावा तो कशाकरिता? सेवेला संघटनेची गरज काय? हा प्रश्न पुष्कळ सुज्ञ माणसे विचारतात, आणि तो गैर नाही. आज त्याचाच थोडा विचार करू.

प्रथम एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. शहरातले एक मोठे सार्वजनिक रुग्णालय आहे. बांधकामावर काम करणाऱ्या एका मजुराचा पाय यंत्रात सापडून गुडघ्याखाली कापावा लागला. जखम भरत आली आहे, पण पुरती भरलेली नाही. वॉर्डात खाटांची टंचाई आहे. दोन रोगी जमिनीवर गाद्या टाकून निजले आहेत. ह्या मजुराला उद्या घरी पाठवावे असे ठरते. पण त्याला घर नाही. ज्या इमारतीवर तो काम करीत होता तिथल्या पत्र्याच्या खोपटात तो राहत असे, आणि ते खोपट आता दुसऱ्याला दिलेले आहे. आपल्या सरकारी इस्पितळांत 'समाजसेवा अधीक्षक' म्हणून एक अधिकारी असतो. रोग्याच्या घरची स्थिती पाहणे, औषधपाण्याची मदत मिळवून देणे, त्याची पुढची सोय लावणे हे त्याचे काम. रोग्याच्या कागदावर 'पुढील व्यवस्था झाली आहे' असा शेरा लिहून सही करावी, असे त्या अधीक्षकाला सांगण्यात येते. व्यवस्था झालेली नाही. आता त्याने काय करावे?

सही केली तर जखम चिघळून तो माणूस महिन्याभरात परत येईल, किंवा येणारही नाही. सही नाकारली तर वरिष्ठांची अवकृपा. शिवाय खाट अडवून ठेवल्याने दुसऱ्या रोग्यावर अन्याय होतो, हेही खोटे नाही. अधीक्षकाचा पगार रुग्णालय देते, मजूर देत नाही. मजुराला तर आपल्याविषयी असा कागद लिहिला जात आहे हेसुद्धा ठाऊक नाही. हा प्रसंग मनात राहू द्या. शेवटी आपण त्याच्याकडे परत येऊ.

सेवा घेणारा आणि गिऱ्हाईक

शिंप्याने सदरा बिघडवला तर तो अंगात घालताच कळते, आणि दुसऱ्या वेळी आपण दुसऱ्या शिंप्याकडे जातो. गिऱ्हाईकाच्या हाती दोन शस्त्रे असतात: पारख आणि पाठ फिरवणे. मानवसेवेच्या क्षेत्रात ही दोन्ही शस्त्रे सेवा घेणाऱ्याच्या हाती नसतात. समुपदेशकाने दिलेला सल्ला चुकीचा होता की आपलेच दैव खोटे, हे दु:खी माणसाला ठरवता येत नाही. बालगृहातले मूल बालगृह बदलू शकत नाही. मनोरुग्णाने तक्रार केली तर ती त्याच्या आजाराचेच लक्षण म्हणून बाजूला सारली जाण्याचा धोका असतो.

ह्याहून नाजूक गोष्ट अशी की, मदत मिळण्यासाठी ह्या माणसांना आपले घर उघडे करून दाखवावे लागते. नवऱ्याचे व्यसन, मुलीचे लग्न का मोडले, कर्ज कोणाचे, हे सारे परक्या माणसाला सांगावे लागते. शिवाय सेवेचा मोबदला बहुधा तिसराच कोणी देतो: सरकार, नगरपालिका, कारखाना किंवा धर्मादाय संस्था. म्हणजे ज्याचे हित पाहायचे तो एक, आणि ज्याची आज्ञा पाळायची तो दुसरा.

मग ह्या सेवेवर लक्ष ठेवायचे कोणी? सेवकाच्या सद्सद्विवेकाने, असे एक उत्तर आहे. पण विवेक एकटा असला म्हणजे थकतो. मालकाने किंवा संस्थेने, हे दुसरे उत्तर. पण प्रसंग पडला तर संस्था स्वत:चीच सोय पाहते. सरकारने, हे तिसरे; पण सरकार पुष्कळदा स्वत:च मालक असते. उरले चौथे उत्तर: त्याच कामात मुरलेल्या, त्यातल्या खाचाखोचा जाणणाऱ्या समव्यावसायिकांनी. हे उत्तर निर्दोष नाही, त्याचे दोष मी पुढे सांगणारच आहे. पण ह्या उत्तरातूनच व्यावसायिक संघाचा जन्म झाला.

ही कल्पना आपल्याला अगदी परकी आहे असेही नाही. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात ह्याचा शिलालेख आहे. भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. ती कोणाकडे? दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. एखादा विणकर मरेल, दुसरा गाव सोडून जाईल; पण श्रेणी शब्द पाळील, असा त्या राजपुरुषाचा भरवसा होता. एका माणसाला देता येत नाही असा दीर्घ मुदतीचा शब्द समव्यावसायिकांचा समूह देऊ शकतो, हे संघाचे मूळ बळ आहे.

अमेरिकेतील समाजकार्याची वाटचाल

हा विचार प्रत्यक्षात कसा उतरला हे पाहण्यासाठी समाजकार्याचे उदाहरण घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये आणि नंतर अमेरिकेतील शहरांत दानधर्माला शिस्त लावण्यासाठी संस्था निघाल्या. सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया गरिबांच्या घरी जात, चौकशी करीत आणि सल्ला देत. हळूहळू असे ध्यानात आले की नुसत्या सदिच्छेने चुका टळत नाहीत. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये अशा कार्यकर्त्यांसाठी सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. तेथून ह्या कामाच्या पद्धतशीर शिक्षणाला आरंभ झाला.

१९१५ साली बाल्टिमोर येथे ह्या कार्यकर्त्यांची परिषद भरली. तिच्यात एब्राहम फ्लेक्सनर ह्यांचे भाषण झाले. वैद्यकीय महाविद्यालयांवरील त्यांच्या १९१० च्या अहवालाने अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची घडी बदलून टाकली होती, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. समाजकार्य हा व्यवसाय आहे काय, हाच त्यांचा विषय. त्यांनी व्यवसायाच्या सहा कसोट्या सांगितल्या: काम बुद्धीचे असावे आणि त्याची जबाबदारी करणाऱ्यावर असावी, त्याला शास्त्राचा आधार असावा, त्याचे साध्य व्यवहारात उतरणारे असावे, त्याचे तंत्र शिकवता यावे, ते करणाऱ्यांत संघटित होण्याची प्रवृत्ती असावी, आणि हेतू परहिताचा असावा. ह्या कसोट्या लावून त्यांनी निकाल दिला की समाजकार्य हा अद्याप पूर्ण व्यवसाय झालेला नाही. समाजकार्यकर्ता डॉक्टर, वकील, शिक्षक ह्यांच्याकडे गरजूला पोचवतो; त्याचे स्वत:चे असे क्षेत्र कोणते, हे स्पष्ट नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

सभागृहाला हे कडू औषध होते. पण त्याचा परिणाम चांगला झाला. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, मेरी रिचमंड ह्यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ निघाला. माणसाची अडचण समजून घेण्याची, पुरावा गोळा करण्याची आणि तो तपासण्याची पद्धत त्यात मांडलेली होती. रुग्णालयांतील, शाळांतील, मनोरुग्णांमधील कार्यकर्त्यांचे वेगवेगळे संघ निघाले. अखेर १९५५ साली अशा सात संघटनांनी आपापली नावे सोडून एकच राष्ट्रीय संघ स्थापन केला. स्वत:ची पाटी उतरवणे किती कठीण असते, हे ज्यांनी आपल्याकडे दोन संस्थांचे विलीनीकरण पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

१९६० साली ह्या संघाने आपली पहिली आचारसंहिता स्वीकारली. ती जेमतेम एका पानाची होती. तिच्यात चौदा वचने होती, आणि ती प्रथम पुरुषी होती. 'कार्यकर्त्याने असे करावे' असे नव्हे, तर 'मी असे करीन' असे. १९६७ मध्ये भेदभाव न करण्याचे पंधरावे वचन तीत आले. हे वचन पहिल्याच वर्षी का सुचले नाही, असा प्रश्न मनात येतो, आणि तो यावा. नंतर १९७९ आणि १९९६ साली संहिता नव्याने लिहिली गेली, आणि एका पानाची अनेक पाने झाली. नव्या अडचणी येतात तसतशी नियमांत भर पडते. कायद्याचेही असेच होते.

संघ प्रत्यक्षात काय करतो

ह्या इतिहासातून संघाची कामे आपोआप पुढे येतात. पहिले काम, ह्या कामाला किमान किती शिक्षण हवे ते ठरवणे. दुसरे, आचारसंहिता करणे आणि तिचा भंग झाल्याची तक्रार ऐकणे. तिसरे, अनुभवाचे ज्ञान करणे: नियतकालिके, परिषदा, चर्चा. एका गावातल्या कार्यकर्त्याची चूक दुसऱ्या गावातल्याला आधीच कळावी, हा त्यातला हेतू. ही तीन कामे नावावरूनच समजण्यासारखी आहेत. चौथे आणि पाचवे मात्र उदाहरणाने सांगतो.

चौथे काम म्हणजे नियमाप्रमाणे वागणाऱ्या एकट्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे. १९९१ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यात एका पोलीस अधिकारी स्त्रीने कर्तव्यावर असताना एका माणसावर गोळी झाडली. तो मरण पावला. त्या प्रसंगाने हादरलेली ती स्त्री परवानाधारक समाजकार्यकर्तीकडे समुपदेशनासाठी जाऊ लागली. मृताच्या कुटुंबाने दावा लावला आणि त्या भेटींची टिपणे मागितली. कार्यकर्तीने ती देण्यास नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघाने आपले म्हणणे लेखी मांडले. १९९६ साली न्यायालयाने निर्णय दिला की मनोचिकित्सेतील संभाषण गोपनीय राहिले पाहिजे, आणि हे संरक्षण डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ ह्यांच्याप्रमाणे परवानाधारक समाजकार्यकर्त्यालाही आहे. गरीब माणसाला महागडा मनोविकारतज्ज्ञ परवडत नाही. तो समाजकार्यकर्त्याकडेच जातो. तेव्हा हा विजय कार्यकर्त्यांचा जितका, तितकाच त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांचा होता. फ्लेक्सनरांच्या भाषणानंतर ८१ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ह्या कामाची अशी नोंद झाली.

पाचवे काम सर्वांत अवघड: व्यवसायाच्या वतीने चूक कबूल करणे. २०२१ साली ह्याच अमेरिकन संघाने वंशभेदाच्या इतिहासातील समाजकार्याच्या सहभागाबद्दल जाहीर क्षमा मागितली. मूळच्या अमेरिकन जमातींची मुले घरांपासून तोडण्यात आली, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबण्यात आले. ह्या कामांत समाजकार्यकर्त्यांचाही हात लागला होता. तेव्हाचे कार्यकर्ते आज हयात नसतील. पण संघ हयात आहे. उषवदाताच्या ठेवीचे व्याज जशी श्रेणी देत राहिली असेल, तसे जुन्या चुकीचे ऋणही संघालाच फेडावे लागते.

दुसरी बाजू

आता आक्षेपांकडे वळू. शुश्रूषेच्या व्यवसायात हा वाद फार तीव्रपणे झाला. १८८७ साली इंग्लंडमध्ये श्रीमती बेडफर्ड फेनविक ह्यांच्या पुढाकाराने परिचारिकांचा संघ निघाला. प्रशिक्षित परिचारिकांची सरकारी नोंदवही असावी, म्हणजे लोकांना खरी कोण आणि तोतया कोण हे कळेल, असा त्यांचा आग्रह होता. त्याला कडवा विरोध कोणी केला? फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी! त्यांचे म्हणणे असे की, चांगली परिचारिका तिच्या शीलावरून ओळखावी लागते, आणि शीलाची परीक्षा घेता येत नाही. नोंदवहीत एकदा नाव गेले की ते पुढे कायमचे प्रशस्तिपत्र होऊन बसेल. हा झगडा तीस वर्षांहून अधिक काळ चालला. न्यूझीलंडने १९०१ मध्येच नोंदणीचा कायदा केला. इंग्लंडमध्ये तो व्हायला १९१९ साल उजाडले.

आज मागे वळून पाहता वाटते की दोघींचेही खरे होते. नोंदणीवाचून तोतयांना आळा बसत नाही, हे खरे. नोंदणीने माणुसकी येत नाही, हेही तितकेच खरे. संघाने ह्या दुसऱ्या सत्याचा विसर पडू दिला की त्याची ज्ञातिसंस्था होते. मग तो बाहेरच्यांना आत येऊ देत नाही आणि आतल्यांचे दोष बाहेर जाऊ देत नाही.

आपल्याकडे ह्या आक्षेपाला आणखी एक धार आहे. महर्षी कर्व्यांजवळ समाजकार्याची कोणती पदवी होती? बाबा आमट्यांजवळ कोणते प्रमाणपत्र होते? ह्या भूमीत मोठी कामे उभी राहिली ती प्रमाणपत्रांवर नव्हेत. हे मी मान्य करतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आमटे शिक्षणाने वकील होते. कुष्ठरोग्यांचे काम हाती घेतल्यावर ते कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत जाऊन त्या रोगाचे शिक्षण घेऊन आले. नुसती कळकळ पुरत नाही, हे त्यांनी स्वत:च ओळखले होते. आणि ज्या न्यायमूर्ती रानड्यांचे नाव पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेशी जडलेले आहे, त्यांच्या पत्नी रमाबाई ह्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले, तेव्हा त्यांनी स्त्रियांना केवळ सेवेचा उपदेश केला नाही. त्यांनी परिचारिकेच्या रीतसर शिक्षणाची सोय केली. सेवा आणि शिक्षण ह्यांचे भांडण आपल्या थोरांनी कधी मानलेले नाही.

आपल्याकडील स्थिती

आपल्या देशात परिचारिकांचा संघ १९०८ इतका जुना आहे, आणि १९४७ च्या कायद्याने त्यांची अखिल भारतीय परिषद झाली. समाजकार्याचा प्रवास निराळा झाला. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था निघाली; क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. नागपाड्याच्या वस्तीतील त्यांच्या दहा वर्षांच्या अनुभवातून ती उभी राहिली. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था ही महाविद्यालये निघाली. शिक्षण वाढले, पदे वाढली.

संघ मात्र त्या मानाने वाढला नाही. एकोणीसशे साठच्या दशकात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांचा अखिल भारतीय संघ निघाला, पण पुढे तो क्षीण होत गेला. १९९७ साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील अध्यापकांनी एक नीतिघोषणा तयार केली. ती चांगली आहे, परंतु तिचा भंग झाला तर कोणाकडे जावे, ह्याचे उत्तर घोषणेत असू शकत नाही. संपूर्ण समाजकार्यासाठी वकिलांप्रमाणे किंवा परिचारिकांप्रमाणे स्वतंत्र वैधानिक परिषद आजही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्याची व्याख्या आली, आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय व मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला. म्हणजे रुग्णालयाच्या दारापर्यंत कायदा पोचला आहे. बालगृह, वस्ती, कारागृह, वृद्धाश्रम ही ठिकाणे ह्या चौकटीबाहेरच आहेत.

कायदा येईल तेव्हा येवो. संघ काढायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. इतिहास असा आहे की बहुधा संघ आधी आला आणि कायदा मागून. पण संघ निघालाच तर त्याला तीन प्रश्न विचारण्याचा हक्क आपण, म्हणजे समाजाने, राखून ठेवावा. पहिला: ज्यांची सेवा करता त्यांची तक्रार तुमच्याकडे कोणत्या दाराने येते, आणि ती ऐकणाऱ्यांत तुमच्या व्यवसायाबाहेरचा कोणी बसतो काय? दुसरा: गेल्या वर्षात तुम्ही जी निवेदने दिली, त्यांतली तुमच्या वेतनाची किती आणि तुमच्याकडे येणाऱ्या माणसांसाठी किती? तिसरा: पदवी नसलेली अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्ती, जी दारोदार हिंडून हेच काम करते, तिला तुम्ही शिकवता की हिणवता? वेतन मागणे हा अपराध नव्हे. अर्धपोटी सेवकाकडून उत्तम सेवा होत नाही. परंतु केवळ वेतनच मागणारा संघ ही कामगार संघटना आहे. तिचे स्थान मानाचे आहे, पण ते निराळे आहे.

आता त्या वॉर्डात परत जाऊ. कागद समोर आहे, लेखणी हाती आहे. अधीक्षक एकटा असेल तर बहुधा तो सही करील, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. घरी त्याचीही मुले आहेत. पण समजा, त्याच्या व्यवसायाने असे लिहून ठेवले आहे की न झालेली व्यवस्था झाली म्हणून कोणी लिहू नये. समजा, हा नियम मोडला तर त्याला जाब द्यावा लागतो, आणि पाळल्याबद्दल त्रास झाला तर विचारणारे हजार समव्यावसायिक आहेत. मग तो वरिष्ठांना उद्धटपणे नव्हे, शांतपणे सांगू शकेल, "साहेब, मला हे लिहिता येत नाही. आमचा तसा नियम आहे. मला चार दिवस द्या, मी त्याची सोय लावतो." 'मी लिहिणार नाही' आणि 'मला लिहिता येत नाही' ह्या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेवढेच काम संघाचे आहे. आणि त्या चार दिवसांत त्या मजुराची जखम भरते, कुबड्या मिळतात, कुठल्यातरी आश्रयगृहात जागा होते. संघाचे नाव त्याला कधी कळणारही नाही. कळण्याची गरजही नाही.